किती लिटर, या प्रश्नाचं उत्तर

प्रिय धावपटू,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न एका ओळीचा होता: दिवसाला नेमकं किती लिटर पाणी प्यायचं? सोबत मोबाइलमधल्या अ‍ॅपचा फोटोही पाठवला होतास. दर तासाला घंटी, दर घंटीला एक ग्लास, आणि रात्रीपर्यंत चार लिटर झाले नाहीत तर पडदा लाल. उत्तर मलाही एका ओळीत देता येईल: ते अ‍ॅप काढून टाक. पण तेवढ्याने तुझं समाधान व्हायचं नाही, हे मला माहीत आहे. म्हणून हे लांबण.

आधी ‘रोज आठ ग्लास’चं बघू. १९४५ साली अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने मोठ्या माणसाला दिवसाकाठी सुमारे अडीच लिटर पाणी लागतं असं म्हटलं होतं. त्याला लागूनच असंही म्हटलं होतं की यातलं बरंचसं पाणी तयार अन्नातूनच मिळतं. आठ ग्लासांचं मूळ बहुधा इथेच असावं. लोकांनी आकडा उचलला आणि पुढचं वाक्य गाळलं. २००२ मध्ये हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडांच्या अभ्यासकाने या नियमाला शास्त्रीय आधार आहे का ते शोधलं. निरोगी, बैठं काम करणाऱ्या माणसासाठी त्यांना तो सापडला नाही. पुढे २००४ मध्ये अमेरिकेतच बायकांसाठी २.७ आणि पुरुषांसाठी ३.७ लिटर असे आकडे ठरले. त्यात पाणी, दूध, चहा-कॉफी, फळं, भाज्या सगळं आलं, आणि साधारण पाचवा हिस्सा अन्नातूनच येतो. युरोपने २०१० मध्ये हेच माप २ आणि २.५ लिटर ठेवलं. तज्ज्ञांच्या दोन समित्यांमध्येच एवढा फरक असेल, तर तुझ्या अ‍ॅपला चार लिटर कुणी सांगितले?

तुझ्या शरीराकडे यासाठी स्वतःची यंत्रणा आहे आणि ती भलतीच काटेकोर आहे. मूत्रपिंडं दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं लिटर-दीड लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात. रक्तातल्या क्षारांची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ते कळतं. मग व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक वाढतं, लघवी दाट होते, पाणी वाचतं, आणि तहान लागते. ‘तहान लागली म्हणजे उशीर झाला’ असं तू कुठेतरी वाचलं असशील. रोजच्या जगण्यात ते खरं नाही. तहान लागली की प्यावं, जेवताना प्यावं, एवढ्यावर निरोगी तरुण माणसाचं उत्तम भागतं. म्हाताऱ्या माणसांची तहान मंदावते, त्यांना आठवण करावी लागते. तुला नाही.

धावताना मात्र गणित बदलतं. तुझे स्नायू जी ऊर्जा वापरतात त्यातली बहुतेक उष्णता होऊन बाहेर पडते, आणि ती घालवायचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळला तर, हे महत्त्वाचं. दमट हवेत तो नुसता ठिबकतो. पाणी जातं आणि अंग थंड होत नाही. घामाचं हे पाणी शेवटी रक्तातूनच येतं. रक्तातला द्रव भाग कमी झाला की हृदय दर ठोक्याला थोडं कमी रक्त ढकलतं आणि ती तूट ठोके वाढवून भरून काढतं. वजनाच्या दर एक टक्का घटीमागे मिनिटाला साधारण तीन ते पाच ठोके जास्त. तोच वेग, तोच रस्ता, पण शेवटच्या टप्प्यात घड्याळावर ठोके चढलेले दिसतात आणि तुला वाटतं आज तयारीच कमी पडली. स्नायूंना रक्त हवं असतं आणि उष्णता बाहेर टाकायला त्वचेलाही. पुरेसं कुणालाच मिळत नाही.

प्रशिक्षक मंडळी दोन टक्क्यांची रेघ धरतात ती यासाठी. पाण्यापायी वजन दोन टक्क्यांहून जास्त घटलं की लांब पल्ल्याची कामगिरी उतरायला लागते, उन्हात तर नक्कीच. तुझं वजन ५२ किलो, म्हणजे तुझी रेघ एक किलोच्या जरा पुढे. त्याच्या आत असलीस तर जिवाला घोर लावून घेऊ नकोस. गार हवेत चाळीस मिनिटं धावताना हातात बाटली कशाला हवी, मला कधी कळलेलं नाही. शंभर मीटरवाल्यांना तर या सगळ्याचा फारसा फरकही पडत नाही.

तर ‘किती’ याचं उत्तर तुझ्या घामात आहे. तासाला अर्धा लिटर घाम येणारी माणसं असतात आणि दोन लिटर येणारीही असतात, तीही शेजारी-शेजारी एकाच वेगात धावणारी. दुसऱ्याचा आकडा तुझ्या काय कामाचा? स्वतःचा काढ. निघण्याआधी लघवीला जाऊन ये आणि कमीत कमी कपड्यांत वजन कर, दशांशापर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर. धाव. परत आल्यावर आधी ओला टी-शर्ट आणि मोजे काढ, त्यांत शोषलेला घाम काट्यावर चढला तर हिशोब चुकतो. अंग, केस टॉवेलने कोरडे कर आणि मगच काट्यावर उभी राहा, त्याआधी घोटही घेऊ नकोस. समज, निघताना ५२.४ होतं, आल्यावर ५१.५. वाटेत ३०० मिलिलिटर पाणी प्यायलीस. एक किलो म्हणजे एक लिटर धर. घट ०.९, अधिक प्यायलेलं ०.३, म्हणजे घाम १.२ लिटर. सव्वा तास धावली असशील तर तासाला एक लिटरला थोडं कमी. घट १.७ टक्के, म्हणजे रेघेच्या आत. याचा अर्थ त्या हवेत, त्या वेगाला तेवढं पाणी पुरलं.

हे एकदा करून भागत नाही. गार सकाळी कर, उकाड्यात कर, दमट दिवशी कर. शरीर दहा-चौदा दिवसांत उन्हाला सरावतं: घाम लवकर सुटतो, जास्त येतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला द्रव वाढतो. म्हणजे ऋतू बदलला की तुझा आकडाही बदलला. एका छोट्या वहीत वजन, वेळ, हवा आणि प्यायलेलं पाणी एवढंच लिही. अ‍ॅपपेक्षा ती वही शहाणी.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते. गेल्या शर्यतीत तू प्रत्येक पाणवठ्यावर दोन-दोन पेले प्यायलीस, तहान नसतानाही, ‘सेफ साइड’ म्हणून. ती सेफ साइड नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं. त्यांपैकी १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं, आणि काहींचं तर जिवावर बेतेल इतकं. त्याच्याशी सर्वांत जवळचं नातं कशाचं होतं? शर्यतीत वजन वाढण्याचं. ४२ किलोमीटर धावून वजन वाढलं, याचा अर्थ घामापेक्षा पाणी जास्त प्यायलं गेलं. चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांना धोका अधिक होता, कारण हळू धावणाऱ्याला प्यायला वेळ मिळतो. तू अंगाने लहान आहेस आणि लांब धावांत हळू आहेस. म्हणून मला तुझी काळजी.

होतं असं की रक्तातलं सोडियम पातळ झालं की पाणी पेशींमध्ये शिरतं. इतर ठिकाणी पेशी थोड्या फुगल्या तरी चालतं, पण कवटीत मेंदूला फुगायला जागा नसते. आणि एरवी जास्तीचं पाणी बाहेर टाकणारी मूत्रपिंडं नेमकी याच वेळी हात आखडता घेतात, कारण जोरदार श्रमात व्हॅसोप्रेसिन चढलेलंच राहतं. डोकं दुखणं, मळमळ, भोवळ, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं पाणी कमी पडल्यावरही दिसतात आणि जास्त झाल्यावरही. त्यामुळे ‘डोकं दुखतंय, पाणी दे’ हा सल्ला कधी कधी उलटा पडतो. अंगठी घट्ट झाली, घड्याळाचा पट्टा रुतायला लागला, पोटात पाणी डचमळतंय, तर पिणं थांबव. कुणी असंबद्ध बोलत असेल तर त्याच्या तोंडाला बाटली लावू नकोस, वैद्यकीय पथकाला हाक मार.

मीठवाल्या तयार पेयांनी हे टळतं असा समज आहे. नाही टळत. त्यांतलं सोडियम रक्ताच्या मानाने फारच कमी असतं. ती पोटभर ढोसली तरी रक्त पातळच होतं. मिठाला अर्थ नाही असं मात्र मी म्हणत नाही. लिटरभर घामात अर्ध्या ग्रॅमपासून जवळजवळ दोन ग्रॅमपर्यंत सोडियम जातं, माणसागणिक वेगळं. तुझ्या काळ्या टोपीवर वाळल्यावर पांढऱ्या रेषा उमटतात, तेव्हा तू खारट घामवाल्यांपैकी दिसतेस. तासाभराच्या धावेला साधं पाणी पुरे. दीड-दोन तासांच्या पुढे थोडं मीठ आणि थोडी साखर असलेलं काही घे. साखर नुसती ताकदीसाठी नसते. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतले जातात, हे रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९६० मध्ये प्राग इथल्या परिषदेत मांडलं. पाणी त्यांच्यामागे जातं. ओआरएसचं सगळं शास्त्र यावर उभं आहे. पण ओआरएस हे जुलाबाचं औषध आहे, रोज सरावानंतर प्यायचं सरबत नव्हे.

धावून आल्यावर दोन-चार घोटांत तहान भागल्यासारखी वाटते. घसा आणि पोट मेंदूला आधीच निरोप देतात, रक्तातली तूट भरायला वेळ लागतो. म्हणून इथे तहानेवर विसंबू नकोस, वहीतल्या घटीवर विसंब. दुसऱ्या दिवशी सराव नसेल तर जेवण आणि पाणी एवढ्याने आपोआप भरपाई होते. काही तासांत पुन्हा धावायचं असेल तर घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर, सावकाश, खाण्याबरोबर. काही भाग लघवीत जाणारच, म्हणून जास्त.

उरलेल्या दिवसासाठी लघवीचा रंग बघ. फिकट पिवळा ठीक. पाण्यासारखा पांढरा असायलाच हवा असा आग्रह नको, आणि बी व्हिटॅमिनच्या गोळीने गडद पिवळा झाला तर घाबरू नकोस. पाण्याने त्वचा उजळते, विषारी द्रव्यं धुऊन निघतात वगैरे सोडून दे. मुतखडा होऊन गेलेल्या माणसाला भरपूर प्यायला सांगतात ते मात्र खरं आहे. उलट हृदय किंवा मूत्रपिंडाच्या काही आजारांत डॉक्टर पाण्यावर मर्यादा घालतात. त्यामुळे हे पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवून त्यांच्या ग्लासांचे आकडे ठरवू नकोस.

पुढच्या तीन लांब धावांचं वजन करून मला कळव.

तुझा,
सर

ता. क. गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेतेस असं परवा ओझरतं बोललीस. लांब धावेच्या आधी किंवा वाटेत ती गोळी घेऊ नकोस. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणखी कमी करते. गुडघा गोळीशिवाय धावू देत नसेल तर त्या दिवशी धावायचं नाही, आणि तो आधी डॉक्टरांना दाखव.