टेबल म्हणजे पटल की बासन?

अगं,

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि जाम हसू आलं, रागावू नकोस, माझंही अगदी हेच झालं होतं. अमेरिकन क्लायंट म्हणाला 'लेट्स टेबल धिस' आणि तू लगेच स्क्रीन शेअर करून डेमो सुरू केलास, पलीकडे सगळे चिडीचूप. मी तर रात्री दोनपर्यंत जागून १८ स्लाइड केल्या होत्या, मला वाटलं उद्या विषय चर्चेला घेतायत, आणि त्यांनी तो केव्हाच बासनात गुंडाळलेला.

तुझं इंग्रजी कच्चं आहे वगैरे काही नाही. आपण शिकलो ब्रिटिशांचं इंग्रजी, त्यात टेबल करणं म्हणजे विषय समोर मांडणं. आपल्या विधानसभेत अहवाल 'सभागृहाच्या पटलावर ठेवतात' ना, तेच. अमेरिकेत बरोब्बर उलटं, टेबलावर ठेवून दे, आत्ता हात लावू नकोस.

आणि यात भलेभले अडकलेत बरं का. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता म्हणून ते म्हणाले, टेबल करूया. अमेरिकन म्हणे अजिबात नको, कारण त्यांच्या लेखी तो ड्रॉवरमध्ये जाणार होता! चांगलीच जुंपली, मग कळलं की दोघांनाही एकच हवं होतं. चर्चिलने स्वतःच्या युद्धाच्या आठवणींत लिहून ठेवलंय हे.

तर मागेपुढे 'फॉर नाऊ' किंवा 'अंटिल नेक्स्ट वीक' आलं की समज, विषय पुढे ढकलला. लंडनचा माणूस नुसतं टेबल म्हणाला तर मात्र तयारीत राहा. तू स्वतः मेलमध्ये हा शब्द वापरूच नकोस, सरळ 'डिस्कस टुडे' लिही नाहीतर 'मूव्ह टू थर्सडे', आणि कॉलवर गोंधळलीस तर विचार, आत्ता घ्यायचं की नंतर, त्यात कसली आलीये लाज. 'ऑन द टेबल'चा घोळ नाही, ऑफर ऑन द टेबल म्हणजे दोन्हीकडे अजून खुली, ऑफ द टेबल म्हणजे संपलं. 'अंडर द टेबल' तर आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

डेमोची फाइल उडवू नकोस मात्र, काढतील कधीतरी परत. माझ्या १८ स्लाइड अजून लॅपटॉपवर तशाच पडल्यात.

दादा