पाळक असताना ईश्वरविज्ञानाच्या प्राध्यापकाचा चर्चला उपयोग काय? आणि विद्यापीठाला तरी काय?

‘उपयोग’ हा शब्द बघितला आणि राहवलं नाही. गेली अकरा वर्षं तो ऐकतोय, आणि ऐकवणारा माझा सख्खा मोठा भाऊ आहे. दादा पाळक आहे, म्हणजे चर्चचा धर्मगुरू; मी विद्यापीठात ईश्वरविज्ञान (थिऑलॉजी) शिकवतो. “आमच्या घरात एकाला देवाचं पाचारण झालं, दुसऱ्याला नोकरी लागली,” असं तो चारचौघांत सांगतो. लोक हसतात. पहिल्या पन्नास वेळा मीही हसलो.

तुमचं म्हणणं असं की पाळक उपदेश करतो, आजाऱ्याला भेटतो, लग्नं लावतो, माती देतो. मग पुस्तकांवर पुस्तकं लिहिणारा हा दुसरा माणूस मंडळीने (चर्चच्या सभासदांनी) कशाला ऐकायचा आणि विद्यापीठाने कशाला पोसायचा. एक घटना सांगतो. माझ्या मते तिच्यात तुमचं उत्तर आहे. दादाच्या मते त्याच घटनेत बरोबर उलटं उत्तर आहे.

दादाच्या मंडळीतला एक तरुण मुलगा होता. शब्बाथ शाळेत (मुलांच्या धर्मवर्गात) दादाच्याच हाताखाली शिकलेला. त्याने आत्महत्या केली. त्यात मी शिरत नाही. दुपारी चर्चच्या कमिटीची घाईघाईत बैठक झाली आणि सेक्रेटरीकाकांनी निर्णय सांगितला: चर्चमध्ये विधी नाही, मंडळीच्या दफनभूमीत जागा नाही, कुटुंबाने दुसरीकडे सोय बघावी. कारण? “शास्त्रात स्पष्ट लिहिलंय.” कुठे लिहिलंय हे बैठकीत एकानेही विचारलं नाही. दादानेही नाही. तो बाहेर आला, मला फोन केला आणि एवढंच विचारलं, “हे नक्की कुठे लिहिलंय रे?”

मी म्हणालो, “कुठेच नाही. पण थांब, नीट लिहून देतो.”

त्या ‘पण थांब’वरून आमचं आजतागायत भांडण आहे.

मी लिहायला बसलो. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, स्वतःचा जीव घेणारे आहेत. शौल राजा आहे, शमशोन आहे, यहूदा इस्कर्योत आहे. पण आत्महत्या करणाऱ्याला माती देऊ नका असं एक वचन दाखवा. शौलाचं काय झालं? याबेश-गिलादचे लोक जिवावर उदार होऊन रात्रभर चालत गेले, त्याचं शरीर काढून आणलं, हाडं पुरली आणि सात दिवस उपास केला. आणि सगळ्यात महत्त्वाचा अहीथोफेल, दावीद राजाचा मंत्री, ज्याच्यावर कोणी कधी उपदेश करत नाही. त्याने घराची निरवानिरव केली, जीव दिला, आणि त्याला त्याच्या बापाच्या कबरेत पुरलं. दुसरं शमुवेल, सतरावा अध्याय. शास्त्र तिथे त्याला एका शब्दाने बोल लावत नाही. बापाची कबर म्हणजे घराण्यातली जागा, आणि ती त्याला कोणी नाकारली नाही.

मग हा नियम आला कुठून? इथे मला माझं पोट भरणारी विद्या लागली. ४१० साली रोम लुटलं गेलं, अनेक स्त्रियांवर अत्याचार झाले, आणि ज्या ख्रिस्ती स्त्रिया त्यानंतर जगल्या त्यांना लोक टोमणे मारू लागले की अत्याचारानंतर जीव देणाऱ्या जुन्या काळच्या रोमन लुक्रेशियासारखा जीव का दिला नाही. ऑगस्टीन या त्या काळच्या बिशपने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात त्या स्त्रियांची बाजू घेतली. तुमचा काही दोष नाही, तेव्हा मरायचं कारण नाही, आणि ‘खून करू नको’ ही आज्ञा स्वतःलाही लागू आहे, असं त्याने मांडलं. म्हणजे जिवंत माणसाला वाचवायला केलेला हा युक्तिवाद. पुढे सहाव्या शतकात ब्रागा (आजच्या पोर्तुगालमधलं शहर) इथल्या चर्च-परिषदेने आत्महत्या करणाऱ्यांना अंत्यविधीचे मान नाकारले. जगणाऱ्यांसाठी धरलेली ढाल मेलेल्यांवर फेकायचा दगड झाली. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ईश्वरविज्ञानाच्या पंडिताने आत्महत्येविरुद्ध तीन कारणं व्यवस्थित रचून दिली. ती आजही मी वर्गात शिकवतो. कारणं चांगली आहेत, पण त्यांतलं एकही दफनभूमीच्या फाटकाला कुलूप लावायला सांगत नाही.

आणि आमच्या सेक्रेटरीकाकांच्या डोक्यात ते ‘शास्त्र’ कुठून शिरलं तेही सापडलं. इंग्लंडच्या चर्चच्या जुन्या प्रेअर बुकात, १६६२च्या आवृत्तीत, दफनविधीच्या आरंभी एक सूचना नव्याने घातलेली आहे: बाप्तिस्मा न झालेले, बहिष्कृत आणि स्वतःवर हात टाकलेले यांच्यासाठी हा विधी वापरू नये. बस्स. सीनाय पर्वतावरची आज्ञा म्हणून काका जी सांगत होते ती छापखान्यातली बारीक अक्षरांतली सूचना होती. तुम्ही कॅथलिक असाल तर तुमच्याकडेही तेच: १९१७च्या चर्चकायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला विधी नाकारलेला होता, १९८३च्या कायद्यात अंत्यविधी कोणाला नाकारायचा त्या यादीतून तो गुपचूप गळला. कोणी घंटा वाजवल्या नाहीत.

हे सगळं चार पानांत, तळटिपांसह, रात्री साडेदहाला तयार झालं.

माती संध्याकाळी सहालाच होऊन गेली होती.

दादा थांबला नव्हता. मी फोनवर ‘कुठेच नाही’ म्हणालो तेवढं त्याला पुरलं. त्याने रखवालदाराकडून किल्ली घेतली, कुटुंबाला बोलावलं, चर्चमध्ये पूर्ण विधी केला आणि मुलाला त्याच्या आजोबांच्या शेजारी माती दिली. सेक्रेटरीकाका फाटकात आडवे आले तेव्हा म्हणाला, “तुमचा नकार मला लेखी द्या.” लेखी म्हटल्यावर काका बाजूला झाले.

मी पानं घेऊन पोहोचलो तेव्हा तो पायांवरची माती धूत होता. पानांकडे बघून म्हणाला, “याचा आता काय उपयोग?”

तर हा तो शब्द.

आता पुढचं दादा कधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. दोन रविवारांनंतर कमिटीने त्याच्याविरुद्ध बिशपांकडे तक्रार केली: पाळकाने कमिटीचा ठराव मोडला, शास्त्राविरुद्ध वर्तन केलं, बदली करा. दादाने खुलाशाला काय जोडलं? माझी चार पानं. कमिटीपुढे त्याने प्रार्थना जोडली नाही, पाचारण जोडलं नाही, तळटिपा जोडल्या. बिशपांच्या कार्यालयातून दोन ओळींचं उत्तर आलं की प्रकरण मिटलेलं आहे. दादा म्हणतो, “माती मी दिली.” मी म्हणतो, “आणि तुझी खुर्ची मी वाचवली.” आई असती तर दोघांनाही गप्प केलं असतं.

चर्चमधलं आमचं काम माझ्या मते एवढंच आहे. कोणी ‘असंच असतं, असंच लिहिलंय’ म्हणालं की आम्ही विचारायचं: कधीपासून? कोणी लिहिलं? कोणासाठी? मंडळीची स्मरणशक्ती दोन पिढ्यांची असते. आजोबांनी केलं ते सनातन वाटतं. पाळकाकडे हे शोधायला वेळ नसतो हे मान्य. पण सेमिनरी (पाळक घडवणारं विद्यालय) सोडल्यापासून ज्याने एक जाड पुस्तक उघडलेलं नाही त्याने वेळेचं कारण सांगू नये.

विद्यापीठाचं विचारलंत ना? तेही याच चार पानांवरून सांगतो. मी ती वाढवून मोठा लेख केला आणि वर्षाच्या संशोधन-अहवालात दाखवला. परीक्षण समितीतल्या एका सदस्याने शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं, ‘म्हणून विधी नाकारू नये.’ ते म्हणाले, “इतिहास उत्तम आहे. हा ‘म्हणून’ काढा. तो आला की प्रवचन होतं.” मी काढला नाही. लेख संशोधनात मोजला गेला नाही, ‘समाजसेवा’ या रकान्यात गेला.

दुखणं नेमकं इथे आहे. विद्यापीठाला ‘म्हणून’ नको असतो आणि चर्चला ‘म्हणून’च्या आधीचं काही नको असतं. आमचा सगळा धंदा त्या एका शब्दावर उभा.

हा वाद जुना आहे. १८१० साली बर्लिनचं विद्यापीठ निघालं तेव्हा ईश्वरविज्ञानाला तिथे जागा द्यावी का यावर खल झाला. तिथल्याच श्लायरमाखर या ईश्वरविज्ञानाच्या प्राध्यापकाने १८११ साली एक छोटं पुस्तक काढून मांडलं की वैद्यक आणि कायदा जसे एका कामासाठी शिकवले जातात तसंच हेही, चर्च चालवण्याच्या कामासाठी. मला हे अजून पटतं. वैद्यकाच्या प्राध्यापकाला कोणी म्हणत नाही की रोगाचं वर्णन करा पण ‘म्हणून हे औषध द्या’ हे वाक्य खोडा.

पण या व्यवस्थेत माणूस दोन दारांत उभा राहतो आणि दोन्ही दारं त्याच्याच बोटांवर आपटतात. हान्स क्युंग या कॅथलिक प्राध्यापकाने पोप धर्मशिकवणीत चुकू शकत नाही या मतावर प्रश्न उपस्थित केला. १९७९ साली रोमने त्याची कॅथलिक ईश्वरविज्ञान शिकवण्याची परवानगी काढून घेतली. जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठाने त्याला कॅथलिक विभागापासून वेगळं करून ठेवून घेतलं. कार्ल बार्ट या प्रोटेस्टंट प्राध्यापकाच्या बाबतीत उलटं: १९३४चा बार्मेनचा जाहीरनामा मुख्यतः त्याच्या लेखणीतला, हिटलरच्या तालावर नाचणाऱ्या चर्चला ‘येशू ख्रिस्ताशिवाय आम्ही दुसरा शब्द मानत नाही’ असं सुनावणारा, आणि १९३५ साली त्याला बॉनच्या प्राध्यापकपदावरून काढलं ते सरकारने. फ्रान्सच्या इव्ह काँगार या कॅथलिक पंडिताला १९५४ साली त्याच्याच वरिष्ठांनी शिकवण्यापासून दूर केलं, पुढे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (१९६२-६५) त्याच्याच हातून मसुदे लिहून घेतले आणि १९९४ साली, नव्वदीत, त्याला कार्डिनल केलं. आमचा ‘उपयोग’ मोजायचा तर घड्याळ चालत नाही, कॅलेंडर लागतं. हे मी दादाला एकदा ऐकवलं. तो म्हणाला, “शवपेटी कॅलेंडरची वाट बघत नाही.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

तुम्ही स्वतः या वाटेला जायचा विचार करत असाल (प्रश्नावरून तसं वाटलं) तर सल्ला एवढाच: रविवारी बाकावर बसणं सोडू नका, आणि कोणी फोनवर ‘हे कुठे लिहिलंय’ विचारलं तर आधी तोंडी उत्तर द्या, मग लिहायला बसा. आणि घरात पाळक असेल तर त्याच्या खुलाशाला तुमची पानं जोडली जातील तेव्हा वर तुमचं नाव आहे ना एवढं बघून घ्या. माझं नव्हतं.

थोडं आमच्याविरुद्धही लिहिलं पाहिजे. तो दगड आमच्याच जातकुळीच्या लोकांनी घडवला. ज्या ऑगस्टीनने त्या स्त्रियांची बाजू घेतली त्यानेच चर्चपासून फुटलेल्या डोनाटस-पंथीयांवर सक्ती करायला ‘त्यांना आत येण्यास भाग पाडा’ हे वचन वापरलं. आमच्यातले पुष्कळ जण आयुष्यभर एकमेकांसाठीच लिहितात आणि एकमेकांनाच पुरस्कार देतात. आणि दादासारखे पाळक फार नाहीत. दुसरा कोणी असता तर माझ्या पानांची वाट बघत बसला असता आणि तोवर कुटुंब दुसरीकडे गेलं असतं. आणखी एक: हे वाचणाऱ्या कोणाच्या मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर वरचं काही स्वतःला लावून घेऊ नका, आजच्या आज जवळच्या माणसाशी किंवा डॉक्टरशी बोला. ही सगळी चर्चा मागे राहिलेल्यांची आहे.

मागे राहिलेल्यांवरून सांगायचं तर, त्या मुलाच्या आईने ती पानं माझ्याकडून मागून घेतली होती. तोवर ती कमिटीच्या फायलीत लागली होती, बिशपांच्या कार्यालयात शिक्का मारून घेऊन आली होती, विद्यापीठाच्या समितीसमोर त्यांचा लेख होऊन गेला होता. आठवड्याने तिने पानं परत आणून दिली. अहीथोफेलच्या ओळीखाली पेन्सिलची रेघ होती. म्हणाली, “सर, तिसऱ्या तळटिपेत सतरा-बत्तीस पडलंय. त्या अध्यायात एकोणतीसच वचनं आहेत. तेवीस पाहिजे ना?”

तेवीसच पाहिजे. दादाच्या कपाटातल्या प्रतीत अजून बत्तीस आहे. अकरा वर्षांत त्याने मला ती चूक दाखवलेली नाही.