आइस हॉकीतला न्यूयॉर्क रेंजर्स हा संघ आदल्या वर्षी अव्वल होता, मग २०२४-२५ मध्ये प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरची बाद फेरीसुद्धा का गाठता आली नाही? न्यू जर्सीत नव्याने आलेल्याने हा संघ धरावा का?

तुमच्या प्रश्नाखाली तुम्हीच एक वाक्य जोडलंय, "कोट्यवधी डॉलर घेणाऱ्या खेळाडूंना माज आला, दुसरं काय?" माझे धाकटे दीर नेमकं हेच वाक्य मला सतत ऐकवत असतात, म्हणून लिहायला बसले.

आधी २०२३-२४ बद्दल, कारण तो हंगाम तुम्ही पाहिलेला दिसत नाही. ५५ विजय आणि ११४ गुण, दोन्ही क्लबच्या इतिहासातले विक्रम. एनएचएल या लीगच्या ३२ संघांत पहिले, म्हणून प्रेसिडेंट्स ट्रॉफी. आघाडीच्या पनारिनचे एकट्याचे १२० गुण (खेळाडूचे गुण म्हणजे त्याचे गोल आणि गोलसाठी दिलेले पास). प्लेऑफच्या मालिकेत वॉशिंग्टनला चार-शून्य धुतलं. कॅरोलायनाविरुद्धच्या सहाव्या सामन्यात तिसरा, म्हणजे शेवटचा पिरियड सुरू होताना १-३ ने मागे होते, आणि त्या एका पिरियडमध्ये ख्रिस क्राइडरने तीन गोल मारले, गोलच्या तोंडाशी तळ ठोकून, बचावपटूंच्या काठ्या पाठीवर घेत. आमच्या घरात त्या रात्री कोणी वेळेवर झोपलं नाही. पुढची मालिका फ्लोरिडाकडून सहाव्या सामन्यात हरले, आणि त्या वर्षी विजेतेपदाचा स्टॅनली कपही फ्लोरिडानेच नेला.

आता बर्फावरची कारणं. ती कोणीही सांगेल, म्हणून लवकर आटपते. आदल्या वर्षी पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षेने बाहेर असताना एक माणूस जास्त असलेला खेळ) २६.४ टक्के चालत होता, २०२४-२५ मध्ये तो १७.६ वर आला. म्हणजे आधी चार संधींत एक गोल हमखास, नंतर सहात एक. पाच विरुद्ध पाच खेळात तर हा संघ त्या सोनेरी वर्षातही अव्वल नव्हता. पॉवर प्ले आणि गोलमध्ये उभा असलेला इगोर शेस्टरकिन हे दोघं मिळून बाकीचं झाकत होते. क्राइडर ३९ गोलांवरून २२ वर आला, पाठीचं दुखणं आणि चक्कर येण्याचा त्रास अंगावर काढत. एवढ्यावरून घसरण समजते. पण ११४ वरून ८५ गुण? इतकी पडझड नुसत्या पॉवर प्लेने होत नाही.

ती कचेरीतून झाली, हे माझं ठाम मत आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात बार्कली गुड्रो या खेळाडूला वेव्हर्सवर टाकलं, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही संघाने उचलावं म्हणून मोकळं सोडलं. त्याच्या करारात काही संघांकडे जायला नकार देण्याचा हक्क होता, वेव्हर्सवर टाकल्यामुळे तो हक्क आपोआप बाजूला पडला आणि सॅन होजेने त्याला उचललं. नियमात बसतं, हो. पण ड्रेसिंग रूममध्ये बसलेल्या प्रत्येकाने ते पाहिलं. त्याच उन्हाळ्यात कर्णधार जेकब ट्रोबाला हलवायचा प्रयत्न झाला. त्याच्या पत्नीची वैद्यकीय रेसिडेन्सी न्यूयॉर्कमध्ये चालू होती, तो तयार झाला नाही. तरीही हंगामाची सुरुवात झकास झाली: १२ विजय, ४ हार, एक ओव्हरटाइममधली हार. मग नोव्हेंबरच्या शेवटी बातमी फुटली की जनरल मॅनेजर ख्रिस ड्रुरी यांनी बाकीच्या संघांना कळवलंय, आम्ही बदलाला तयार आहोत, आणि त्यात ट्रोबा आणि क्राइडर ही दोन नावं आहेत. एक कर्णधार, दुसरा संघातला सगळ्यात जुना माणूस. डिसेंबर संपेपर्यंत, त्या झकास सुरुवातीनंतरच्या १९ सामन्यांपैकी १५ हरले.

अशा यादीत नाव असणं काय असतं ते मला माहीत आहे. मी एका कंपनीत टेस्टिंगला होते. एका सकाळी वरच्या साहेबांनी चुकून एक एक्सेल शीट अख्ख्या टीमला पाठवली. रिलीज करता येतील अशा माणसांची नावं. त्यात मी, आणि आमची लीड. थोड्या वेळात मेल मागे घेतली गेली, पण तोवर सगळ्यांनी फोनवर फोटो काढून ठेवले होते. माझा तेव्हा एच-वन-बी व्हिसा होता, नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर बॅगा भरा, आणि मुलगा नुकताच शाळेत जायला लागलेला.

त्यानंतर कोणी काम सोडलं का? अजिबात नाही. सगळे नऊला हजर, टिकेटं बंद होत होती, स्टँड-अपला सगळे बोलत होते. फक्त दुसऱ्याची चूक दिसली तर आधी हळूच त्याच्या टेबलापाशी जाऊन सांगायचो, ते थांबलं. रात्री रिलीज अडकली तर लीड आपण होऊन कॉलवर यायची, ते थांबलं. जो तो आपापला कोपरा सांभाळत होता. लीडला महिन्याभरात घरी पाठवलं. मी राहिले, आणि राहिलेल्यांचे ते महिने जास्त वाईट गेले, कारण पुढचं नाव कोणाचं हे कोणालाच माहीत नव्हतं. त्या काळात मला कोणी "पगार मिळतोय ना, मग मन लावून काम कर" म्हटलं असतं तर मी काय बोलले असते सांगता येत नाही.

ट्रोबाला अनाहाइमला पाठवलं तो दिवस ६ डिसेंबर. त्या संध्याकाळी गार्डनवर, म्हणजे रेंजर्सच्या घरच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर, पिट्सबर्गशी सामना होता आणि आमची तिकिटं आधीच काढलेली होती. एडिसनहून गाडीत बसल्यापासून दीर खुशीत. "वहिनी, वर्षाला ८० लाख डॉलरचं ओझं उतरलं. आता बघा कसे पळतात." मी म्हटलं, भाऊजी, त्या खोलीत आज कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नसेल. त्यावर ते हसले. रेंजर्स तो सामना जिंकले आणि परतीच्या गाडीत दिरांनी तो विजय मला पुरावा म्हणून दाखवला.

मी वर, अगदी छताजवळ बसून वेगळं काहीतरी बघत होते. मुलाला पहाटे रिंकवर नेता-आणता हा खेळ शिकले, त्यामुळे पककडे, म्हणजे त्या रबरी चकतीकडे, माझं लक्ष कमी असतं. हल्ला फसला की पाच जण परत कसे येतात ते मी बघते. मन ठिकाणावर असलेला खेळाडू वळतो आणि पहिली तीन-चार पावलं जीव तोडून मारतो, मान फिरवून मागून कोण येतंय ते बघतो, आपल्या माणसाला ओरडून सांगतो. त्या दिवशी, आणि नंतर टीव्हीवर दिसलेल्या कितीतरी सामन्यांत, दोन जण असे यायचे आणि तीन जण दोन पावलं मारून नुसते घसरत यायचे. मग समोरचे दोघे, आपला एकच बचावपटू, आणि मागे एकटा शेस्टरकिन. त्याच सुमाराला त्याला आठ वर्षांचा ९ कोटी २० लाख डॉलरचा करार मिळाला. तोही पैसेवालाच, मग त्याला का नाही माज आला? पैसे सगळ्यांनाच आदल्या वर्षीही मिळत होते, आणि तेव्हा ५५ सामने जिंकले.

उरलेला हंगाम त्याच चालीने गेला. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या कापो काक्कोला बाहेर बसवलं, तरुण खेळाडूला बाहेर काढणं सोपं असतं असं तो उघड बोलला, आणि लगेच त्याची रवानगी सिअॅटलला. तिथे गेल्यावर त्याचा खेळ खुलला. जानेवारीअखेर व्हँकूव्हरहून जे. टी. मिलर आला, थोडी धुगधुगी आली, आणि ३९ विजय, ८५ गुणांवर गाडी थांबली. कोच लाव्हियोलेट गेले, उन्हाळ्यात क्राइडरही अनाहाइमला गेला.

आता एक-दोन गोष्टी कबूल करायला हव्यात. ती बातमी फुटण्याआधीच कॅलगरी आणि एडमंटनमध्ये हरून झालं होतं, म्हणजे सगळं खापर एका यादीवर फोडता येत नाही. ट्रोबाचा वेगही कमी झाला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि पगाराची मर्यादा असलेल्या लीगमध्ये माणसं हलवावीच लागतात, ते मॅनेजरचं कामच आहे. माझा राग माणसं हलवण्यावर नाही, ज्या पद्धतीने हलवली त्यावर आहे.

संघ धरावा का? तुम्ही एडिसन-मेट्रोपार्कच्या बाजूला राहत असाल तर न्यूयॉर्कला जाणाऱ्याच ट्रेनने वाटेत नेवार्कला उतरून डेव्हिल्सचा, न्यू जर्सीच्या संघाचा, सामना बघता येतो, तिकीटही साधारण स्वस्त पडतं, आणि २०२४-२५ मध्ये ते प्लेऑफला गेले होते. हिशेबाने बघाल तर डेव्हिल्स. मी रेंजर्स सोडणार नाही, कारण माझ्या मुलाने पहिली काठी हातात धरली ती क्राइडरसाठी. तुमच्यावर तसं काही बंधन नाही.

आणि हे दिरांसाठी, कारण ते वाचणार आहेत. कर्णधार गेला, काक्को गेला, क्राइडर गेला, कोच बदलून माइक सुलिव्हन आले. ज्यांना माज आला होता म्हणता ते सगळे गेले ना? मग २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गार्डनवरच्या पहिल्या तिन्ही सामन्यांत रेंजर्सचा एकही गोल का झाला नाही? एनएचएलमध्ये असं त्याआधी कुठल्याही संघाचं झालं नव्हतं. याचं उत्तर द्या, भाऊजी, मग पगाराचं बोलू.