वाचकांचे प्रश्न: इमर्सन पुस्तकांच्या विरोधात होता का?

प्रश्न: विद्वानाने पुस्तकं रिकाम्या वेळेतच वाचावीत, असं अमेरिकन निबंधकार इमर्सनच्या ‘द अमेरिकन स्कॉलर’ या भाषणात आहे. अभ्यास करणाऱ्याने हे पाळायचं तरी कसं?

उत्तर: ते वाक्य सुटं उचललं की घोळ होतो. ३१ ऑगस्ट १८३७ रोजी केंब्रिजमध्ये (मॅसॅच्युसेट्समधल्या) हार्वर्डच्या फाय बीटा कॅपा या गुणवंत विद्यार्थ्यांच्या सोसायटीपुढे केलेलं हे भाषण. विद्वान घडतो तो निसर्ग, भूतकाळ आणि कृती यांतून, अशी त्याची मांडणी. भूतकाळ हाती येतो तो मुख्यतः पुस्तकांतून, म्हणजे पुस्तकांना रजा दिलेली नाही. राग आहे तो सिसेरो, लॉक, बेकन या जुन्या विचारवंतांची मतं निमूट गिळणाऱ्या तरुणांवर. हे विचारवंतही लिहीत होते तेव्हा ग्रंथालयात बसणारे तरुणच होते, असा त्याचा टोला. (लॉकचा मुख्य ग्रंथ आला तेव्हा त्याची पंचावन्नी उलटली होती, पण टोला लागायचा तिथे लागतो.)

मुद्दा क्रमाचा आहे. आधी स्वतः पाहायचं, विचार करायचा. तो आटला की पुस्तकाकडे वळायचं. करून बघायचं तर प्रकरण उघडण्याआधी त्या विषयावर आपल्याला काय वाटतं ते पाच-सहा ओळींत लिहा. मग वाचा, आणि कुठे मत बदललं, का बदललं, एवढंच खाली नोंदवा. वहीचं डावं पान उताऱ्यांना, उजवं स्वतःला. महिनाभरात उजवी पानं कोरी आणि डावी भरगच्च दिसली, तर तुम्ही नकलनवीस झालात.

पानांना क्रमांक घाला, शेवटी विषयवार सूची ठेवा. हे काम सगळेच पुढे ढकलतात, आणि सूची नसलेली वही पुन्हा उघडली जात नाही. इमर्सन कॉलेजात असल्यापासून रोजनिशी लिहायचा, तिला आपली बचत बँक म्हणायचा. तिच्या सूच्या तो नेटाने करायचा. व्याख्यानं आणि निबंध त्यातूनच उभे राहिले.

प्रश्न: इमर्सन सांगतो, स्वतःवर विश्वास ठेवा. म्हणजे मनाला येईल ते खरं माना, असंच ना?

उत्तर: नाही. त्याच भाषणात फ्लॅमस्टीड आणि हर्शेल या खगोलशास्त्रज्ञांचा दाखला आहे. ताऱ्यांची यादी करणाऱ्याला शाबासकी तरी मिळते. विद्वान मात्र मनातले अंधूक तारे नोंदत बसतो, कधी महिनोन्‌महिने मोजक्याच गोष्टी हाती लागतात, आणि जुन्या नोंदी सतत दुरुस्त कराव्या लागतात. आत्मविश्वास येतो तो या कष्टांच्या जोडीने. दुरुस्ती वगळली की उरतो हट्ट.

गैरसमजाला १८४१चा ‘सेल्फ-रिलायन्स’ निबंधही जबाबदार आहे. दाराच्या चौकटीवर ‘लहर’ असं लिहीन, असं इमर्सन तिथे म्हणतो खरा. लोक एवढंच उद्धृत करतात. लगेच पुढे, शेवटी ते नुसत्या लहरीपेक्षा काही बरं निघावं, अशी आशा त्याने व्यक्त केली आहे, ती गाळतात.