तपासणी पास, तरी प्रोग्राम नापास

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेत देखभाल खर्च क्षेत्रफळानुसार आकारतात. मी निवृत्त शिक्षक. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून त्यासाठी छोटा प्रोग्राम लिहिला आहे. आर्किटेक्टच्या तक्त्यात क्षेत्रफळ '६४ मी²' असं आहे. त्यातला 'मी' आणि मोकळी जागा काढून, उरलेले सगळे अंकच आहेत ना हे 'इजडिजिट'ने तपासून मी ते संख्या करायला 'इंट'कडे देतो. तपासणीचं उत्तर 'ट्रू' येतं, पण पुढच्याच ओळीला 'व्हॅल्यूएरर' ही चूक येऊन सगळं थांबतं. मराठी आकडे चालत नाहीत का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सर, मराठी आकडे बिनधास्त वापरा. पायथॉन ३ मध्ये 'इंट'ला '६४' दिले की चौसष्टच मिळतात. अडतं ते वर चढवलेल्या छोट्या २ पाशी. 'मी' काढल्यावर तुमच्या हातात '६४²' उरतं. जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या लेखी ² हाही अंकच, म्हणून 'इजडिजिट' होकार देतं. 'इंट'ला मात्र दशमान पद्धतीतले साधे अंक लागतात.

मग फक्त असे साधे अंकच पास करणारं 'इजडेसिमल' वापरावं का? ते '६४²' नाकारेल, हे खरं. पण एखाद्या सभासदाची परतावा रक्कम '-५००' असेल तर तीही नाकारेल, आणि 'इंट' तर ती आनंदाने घेतं. मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागेचंही तेच. पतसंस्थांच्या हिशेबाचे प्रोग्राम लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथून पक्कं झालेलं मत सांगते. मजकुराची संख्या होईल का हे 'इजडेसिमल'सारख्या दुसऱ्या कुणाला विचारू नका, 'इंट'ने ती करूनच बघा. 'ट्राय' या प्रयत्नाच्या भागात 'इंट' लिहा, चूक आली तरच चालणाऱ्या 'एक्सेप्ट'मध्ये 'व्हॅल्यूएरर' पकडा आणि तिथे फ्लॅट क्रमांक व मूळ मजकूर दोन्ही छापा, म्हणजे कुठली नोंद दुरुस्त करायची ते लगेच कळेल. चूक पकडून तिथे शून्य भरायचा मोह मात्र टाळा. त्या सभासदाला शून्य रुपयांचं बिल जाईल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते. अशा अडचणीवर कुणी 'एनएफकेसी' सामान्यीकरण, म्हणजे अशी खास चिन्हं साध्या रूपात बदलणं, सुचवतं. ते केलंत तर ² चा साधा 2 होईल, '६४²' चे सहाशे बेचाळीस होतील आणि 'इंट' ते मुकाट्याने स्वीकारेल. दहापट बिल! त्यापेक्षा 'मी²' हे एकक अखंड काढा, आणि संख्या मिळाल्यावर ती तुमच्या इमारतीत शक्य आहे का, समजा २० ते २०० च्या आत आहे का, ते पाहा. ही मर्यादा तुम्हीच ठरवू शकता, पायथॉनला ती ठाऊक नसते.

'१,२५,०००' मधले स्वल्पविराम 'इंट'ला चालत नाहीत, ते आधी काढावे लागतील. '६४.५' लाही ते नकार देतं. क्षेत्रफळ अपूर्णांकात असेल तर दशांश संख्यांसाठी असलेलं 'डेसिमल' वापरा.

आणि फोन नंबर, पिनकोड, फ्लॅट क्रमांक यांना 'इंट' लावूच नका. त्यांची बेरीज कुणी करत नाही, उलट '०१०४' मधलं पुढचं शून्य तेवढं हरवतं. ते मजकूर म्हणूनच ठेवा.