उत्तर: मागचं फरचं झाड लाल पडलंय, तोडून टाकू का?

तोडू नका, निदान यंदा तरी नको. तुम्ही लिहिलंय की कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या घरामागची बाल्सम फर (सुईसारख्या पानांचं झाड) जुलैत शेंड्याकडून तांबूस झाली, फांद्यांना जाळी लागलीय आणि रात्री पोर्चच्या दिव्यावर करडे-तपकिरी छोटे पतंग येतायत. मग स्प्रूस बडवर्मच असणार, म्हणजे फर-स्प्रूसचे कोवळे कोंब खाणारी पतंगाची अळी, तुमच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातला जुना पापी.

तांबूस दिसतंय ते सगळं मेलेलं नाहीये. ही अळी महाउधळी, नव्या कोंबावरची सुई बुडाशी कुरतडते, थोडी खाते बाकीची तशीच टाकते, आणि टाकलेल्या सुया तिच्याच धाग्यात अडकून वाळतात, तोच हा तांबूस रंग. पाऊस-वाऱ्याने झडून जाईल. आतल्या बाजूच्या आधीच्या वर्षांच्या सुया हिरव्या असतील तर झाड जगतंय. लागोपाठ चार-पाच वर्षं नवी पालवी साफ झाली की मग फर मरायला लागते. स्प्रूस, म्हणजे फरसारखंच दुसरं सुईपानी झाड, जरा जास्त तग धरते, त्यातही ब्लॅक स्प्रूसचे कोंब उशिरा फुटतात म्हणून ती बऱ्यापैकी सुटते.

आता फवारणी. दुकानात आत्ताही बाटली देतील, पण जुलैत मारून शून्य उपयोग, कारण खाणाऱ्या अळ्यांचे पतंग झालेत आणि पतंग काही झाड खात नाही. तो सुयांवर अंडी घालणार, त्यातून निघालेली बारकी अळी काही न खाता सालीच्या खपलीखाली रेशमाचं घर करून अख्खा हिवाळा काढणार, उणे 30 मध्येसुद्धा. मे महिन्यात उठून आधी जुन्या सुईत शिरते, मग फुगलेल्या कळीत, आणि तिथे औषध पोचतच नाही. म्हणून कोंब उघडले आणि अळ्या बाहेर दिसायला लागल्या की, म्हणजे साधारण जूनच्या सुरुवातीला, बीटीके नावाचं जैविक कीटकनाशक मारा. आपल्याकडचं बीटी कापूस ज्या बॅक्टेरियावरून आलं त्याचंच हे औषध, अळीच्या पोटात गेलं तरच काम करतं. उन्हाने काही दिवसांत उतरतं, पावसाने धुऊन जातं, त्यामुळे कोरडा दिवस बघूनच मारा. माणसाला, पक्ष्यांना त्रास नाही, फुलपाखरांच्या अळ्या मात्र मरतात, तेव्हा सगळ्या बागेवर उडवत बसू नका.

इथे 1952 पासून याच अळीसाठी जंगलांवर विमानाने डीडीटी मारायचे, त्यात मिरामिशी नदीतले सॅमन मासे मेले, तेव्हा जोरदार काहीतरी द्या म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

एकदा मारलं की सुटलो असंही नाही हां. साथ साधारण 30-40 वर्षांनी येते आणि आली की बरीच वर्षं मुक्काम ठोकते, क्यूबेकमधली सध्याची 2006 च्या आसपास सुरू झाली. पतंग वाऱ्यावर रात्रीत शेकडो किलोमीटर येतात, जुलै 2016 मध्ये न्यू ब्रन्सविकमधल्या कॅम्पबेल्टन गावावर उतरले तेव्हा हवामानाच्या रडारवर ढग दिसावा तसे दिसले होते. त्यामुळे दरवर्षी जूनमध्ये झाड बघायचंच.

आत्ता कोरडं पडलं तर बुंध्याला पाणी द्या, आणि सप्टेंबरात फांद्यांच्या टोकाला पुढच्या वर्षीच्या कळ्या धरल्यात का बघून फोटो टाका. शेंडा मेलेला असेल आणि खाली छप्पर किंवा वायर असेल तर स्वतः चढू नका, झाडवाल्याला बोलवा.