प्रागची गाडी पकडा, योजना मोडू नका

प्रश्न नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकेचा आहे. वय 63, पेन्शन 38 हजार. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 15 लाख, खातं उघडून 14 महिने झालेत. शिवाय 4 लाखांची एफडी येत्या फेब्रुवारीत पिकतेय. मे महिन्यात मैत्रिणीबरोबर प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट असं 12 दिवस रेल्वेने फिरायचं आहे. दोघींनी प्रत्येकी 2.20 लाखांचा अंदाज काढलाय, टूर कंपनी 9 दिवसांचे 2.90 लाख सांगते. योजनेतले अडीच लाख काढू का, आणि युरोपातल्या गाड्यांत चालणारा युरेल पास घेऊ का?

ताई, जाऊन या. गुडघे साथ देतात आणि बरोबर यायला मैत्रीण तयार आहे, हा योग दरवर्षी जुळत नाही. पण योजनेला हात लावू नका. त्यातून थोडे पैसे काढताच येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. एक वर्षानंतर आणि दोन वर्षांच्या आत बंद केलं तर दीड टक्का कापतात, म्हणजे तुमचे 22,500 रुपये. शिवाय 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे 30,750 थांबतील. एफडी पिकतेच आहे, सहल त्यातून करा. उरलेले 1.80 लाख औषधपाण्याला राहू द्या.

पास घेऊ नका. तो प्रवासाच्या दिवसांवर मिळतो. सगळ्या देशांत चालणारा सगळ्यांत छोटा पास चार दिवसांचा, साठीपुढची 10 टक्के सवलत धरूनही अडीचशे युरोंच्या घरात जातो. तुमचे मोठे प्रवास दोनच: प्राग ते व्हिएन्ना चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. लवकर काढलं तर यातलं एकेक तिकीट 20 ते 30 युरोंच्या आसपास पडतं. मधल्या एका दिवशी स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लावा बघून या, व्हिएन्नाहून तासाभरावर आहे.

एक मेख मात्र आहे. स्वस्त तिकिटं ठरावीक गाडीचीच असतात आणि सहसा परत होत नाहीत, आणि तुमच्या हातात व्हिसा नसेल. म्हणून व्हिसासाठी रद्द करता येणारी हॉटेलं दाखवा आणि रेल्वेची तिकिटं व्हिसा आल्यावर काढा. पाच-दहा युरो जास्त गेले तरी चालतील. ज्या देशात जास्त रात्री राहणार, अर्ज त्याच देशाकडे करायचा. फी 90 युरो, विमा किमान 30 हजार युरोंचा.

खरी बचत रेल्वेत नाहीच, मैत्रिणीत आहे. खोलीचं भाडं निम्मं होतं. तिने आयत्या वेळी माघार घेतली तर तेच भाडं तुमच्या एकटीच्या अंगावर येईल. त्यामुळे शेवटच्या आठवड्यापर्यंत रद्द करता येतील अशाच खोल्या घ्या, आणि विमा दोघींचा वेगवेगळा काढा. रोजच्या खर्चाला एक सामाईक पाकीट ठेवा. कॉफीच्या बिलावरून जुन्या मैत्रिणी फुगून बसलेल्या मी पाहिल्यात!

प्राग ज्या देशात आहे त्या चेक प्रजासत्ताकात कोरुना चालतो, हंगेरीत फोरिंट. युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड तिथे वापरलं की पुन्हा चलन बदलाचा आकार लागतो. म्हणून कार्डावर युरो ऑस्ट्रियापुरते भरा. बाकी दोन देशांसाठी परदेशी व्यवहारावर शुल्क न घेणारं कार्ड मिळतंय का ते बँकेत विचारा. दुकानातलं मशीन ‘रुपयांत की कोरुनात?’ असं विचारेल. रुपये ओळखीचे म्हणून बोट तिकडेच जातं, पण कोरुनाच दाबा.

टूर कंपनीचा पर्याय अगदीच वाईट नाही. बॅगा चढवणं जमत नसेल किंवा रोज वरणभात हवाच असेल, तर 70 हजार जास्त देणं समजू शकतो. पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच आगाऊ कापला जाणारा प्राप्तिकर, लागतो, तो रिटर्न भरून वळता करून घेता येतो. तुम्ही स्वतः पाठवलेल्या परकीय चलनावर मात्र वर्षाला 10 लाखांपर्यंत टीसीएस नाही.

आणि जानेवारीतच बँकेत जाऊन एफडीचं ऑटो-रिन्यूअल बंद करून या. नाहीतर ती आपोआप पुढे जाईल आणि मोडायला पुन्हा दंड बसेल.